दुखायची थांबलेली दाढ: रूट कॅनलबद्दलचे काही समज

"मॅडम, आता तं दुखतच नाही. मंग कायले करू रूट कॅनल?"

नागपुरात दवाखाना थाटल्यापासून हे वाक्य मी ऐकते आहे. माणूस बदलतो, वाक्य तेच राहतं. मागच्या वर्षी हे विचारणारे भाऊ उमरेड रोडकडून आले होते. पंचेचाळिशीचे, हार्डवेअरचं दुकान. दिवाळीच्या आधी खालची उजवी दाढ अशी ठणकली की सलग तीन रात्री झोप नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या, लवंगेचं तेल लावलं आणि चौथ्या दिवशी ठणका एकाएकी बंद. सुटलो एकदाचे, असं त्यांना वाटलं. फेब्रुवारीत त्याच दाढेखाली हिरडीवर बारीकशी पुळी दिसायला लागली. दाबली की खारट पाणी यायचं, पण दुखत काहीच नव्हतं. बायकोनं बळंच पाठवलं म्हणून आले होते.

रूट कॅनल म्हणजे दाताच्या आतली खराब झालेली नस काढून मुळातल्या नळ्या साफ करण्याचा आणि भरण्याचा उपचार. त्याबद्दलचे जेवढे गैरसमज माझ्या कानावर येतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ या वाक्यात आहे. आपण दाताची तब्येत दुखण्यावरून ठरवतो. दुखलं की आजार आला, थांबलं की गेला. ताप, मुरगळलेला पाय, पोटदुखी यांत हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. दातात तो साफ चुकतो, आणि का चुकतो हे एकदा कळलं की पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. म्हणून आधी दाढेच्या आत जाऊ.

वरून दिसतं ते पांढरं कवच म्हणजे इनॅमल. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ हाच, हाडापेक्षाही कठीण. त्याखाली पिवळसर डेंटिन. आणि अगदी मधोमध एक पोकळी, जिच्यात मऊ, जिवंत गर असतो. बोलताना आपण याला 'नस' म्हणतो, पण ती एकच नस नाही. बारीक रक्तवाहिन्या, संवेदना नेणारे तंतू आणि पेशी यांचा तो गर आहे. हा गर मुळांमधल्या अरुंद नळ्यांतून खाली उतरतो आणि मुळाच्या टोकाच्या सुईएवढ्या छिद्रातून जबड्याच्या रक्तपुरवठ्याला जोडलेला असतो. या नळ्यांनाच रूट कॅनल म्हणतात, उपचाराचं नाव त्यावरूनच. म्हणजे रूट कॅनल तुमच्या प्रत्येक दातात आत्ताही आहेच. पुढच्या दातांत सहसा एक, खालच्या दाढेत तीन किंवा चार. वरच्या दाढेतली चौथी नळी पुष्कळदा इतकी बारीक असते की ती हुडकून काढावी लागते, आणि ती सुटली तर पुढे तीच दाढ पुन्हा त्रास देते.

आता बोटात काटा रुतला असं समजा. बोट सुजतं, फुगतं, सुजेला बाहेर जायला जागा मिळते. कीड खोल गेली की दाढेतला गरही तसाच सुजतो, पण त्याच्या चारी बाजूंना दगडासारख्या भिंती. फुगायला जागा नाही, म्हणून आतला दाब वाढत जातो. तोच तो ठणका. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दिवसा कुरकुरणारी दाढ रात्री बोंब मारते. दोन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या रात्र काढणाऱ्यांनी हे न शिकताच ओळखलेलं असतं.

गराची अवस्था कुठवर आली आहे हे घरच्या घरी बरंच कळतं. नागपूरच्या मे महिन्यात माठातलं पाणी प्यायलात, दाढेत सणक गेली आणि दोन-तीन सेकंदांत विरली, तर गर अजून सावरण्यासारखा असू शकतो. अशा वेळी कीड काढून फिलिंग केलं की बहुधा भागतं. पण सणक मिनिटभर रेंगाळते, गरम चहाचा घोट घेतला की ठणका उठतो, काही न खाता-पिता मधूनच कळ येते, रात्री जाग येते, तेव्हा गर परत सुधारण्याच्या पलीकडे गेलेला असतो. काही जण तर गार पाण्याची बाटली हातात धरूनच दवाखान्यात येतात, कारण गार पाणी तोंडात धरलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. ही शेवटची घटका असते.

आणि मग एके दिवशी दुखायचं थांबतं.

थांबतं, कारण गर मेलेला असतो. सांगावा नेणारे तंतूच उरले नाहीत, मग सांगणार कोण? जंतू मात्र तिथेच असतात. त्यांना आता रक्त पोचत नाही अशी ओलसर, अंधारी खोली मिळालेली असते, खायला मेलेला गर असतो. तिथून ते मुळाच्या टोकाबाहेर सरकतात. शरीर त्यांना तिथे अडवायला धावतं आणि त्या झटापटीत टोकाभोवतीचं हाड हळूहळू विरघळतं. एक्स-रेमध्ये मुळाखाली जो काळा डाग दिसतो तो हाच. बराच भाग विरघळल्याशिवाय तो डाग दिसतही नाही. कधी पू हिरडीतून वाट काढतो आणि तिथे पुळी येते. वाट मिळाल्यामुळे दाब साचत नाही, दाब नाही म्हणून दुखत नाही. उमरेड रोडच्या भाऊंची पुळी म्हणजे शरीराने स्वतःच काढलेली नाली होती. ती वाहत होती म्हणून त्यांना झोप लागत होती.

गोळ्यांबद्दलचा गैरसमज इथेच जन्म घेतो. समजा, तिसऱ्या दिवशी गर मेला, त्याच दिवशी गोळ्यांचाही तिसरा दिवस होता, श्रेय गोळ्यांना गेलं. पुढच्या वेळी शेजाऱ्याची दाढ दुखली की तीच स्ट्रिप त्याला सुचवली जाते. पण अँटिबायोटिक रक्तातून प्रवास करतं. ज्या गरात रक्तच जात नाही तिथे ते पोचणार कसं? आणि गर जिवंत असून नुसता सुजलेला असेल, तर तो ठणका जंतू मारल्याने उतरत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली याबद्दल स्पष्ट मार्गदर्शक सूचना काढल्या: प्रकृतीने ठीक असलेल्या प्रौढ माणसाच्या अशा दातदुखीत, दातावर प्रत्यक्ष उपचार होऊ शकत असतील तर अँटिबायोटिक देऊ नये. ताप आला, सूज पसरायला लागली, तर गोष्ट वेगळी. तिथे ते लागतं, आणि लागतं तेव्हा वेळेवरच लागतं. पण कोपऱ्यावरच्या दुकानातून दर सहा महिन्यांनी पाच दिवसांचा कोर्स आणून दाढ 'दाबून ठेवणं' हा उपचार नाही. त्यात जंतू औषधाला सरावतात आणि हाड मात्र झिजतच राहतं.

लवंगेची बाजू मात्र मी घेते. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल खरोखर बधिरता आणतं, आणि झिंक ऑक्साइडमध्ये मिसळून आम्हीही ते दातात भरतो. तेलात बुडवलेला कापूस रात्रभर हिरडीवर ठेवू नका, एवढंच सांगणं, हिरडी भाजते. डोकेदुखीची गोळी कुटून दाढेत भरणारेही येतात, त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा पडलेला असतो. ती गोळी पोटात जायची असते. आणि सुजलेल्या गालावर बाहेरून गरम शेक घेऊ नका. 'कीड' या शब्दामुळे अजूनही काहींना आत खरोखर वळवळणारा किडा आहे असं वाटतं. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालीच ही कल्पना नाकारली होती. दात खराब होतो तो जंतूंनी साखरेपासून बनवलेल्या आम्लाने. धूर देऊन दातातून अळी काढून दाखवणाऱ्याच्या हातातली अळी तुमच्या दातातली नसते.

आता ज्या भीतीने लोक दुखणं सहा-सहा महिने अंगावर काढतात, तिच्याकडे येते. रूट कॅनल फार दुखतं म्हणतात.

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, कारण ती बऱ्याचदा खऱ्या अनुभवातून आलेली असते. आजीच्या काळातला असेल, नाहीतर कुण्या घाईतल्या डॉक्टरकडचा. आज आम्ही जे भुलीचं औषध वापरतो ते लिग्नोकेन स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली तयार केलं आणि १९४८ पासून ते बाजारात आलं. ते नीट लागू पडलं की आत काम चालल्याचं कळतं, यंत्राची थरथर जाणवते, कळ मात्र येत नाही. पण एक गोष्ट लपवायची नाही. खालच्या दाढेत ठणका ऐन भरात असेल तर नेहमीचं एक इंजेक्शन कधी कधी पुरत नाही. सुजलेल्या गरातले तंतू इतके चवताळलेले असतात की भुलीलाही दाद देत नाहीत. मग दाढेच्या अगदी लगत जास्तीचं इंजेक्शन द्यावं लागतं, कधी थेट गरातच, आणि ते काही क्षण झोंबतं. म्हणून पेशंटला मी आधीच सांगते, की डावा हात वर केलात की मी थांबणार. थांबण्याची ही कबुली कुठल्याही डॉक्टरकडून मागून घ्या, त्यात संकोच कसला? आणि दुखणं शिगेला पोचायच्या आत येणं, हा तर सगळ्यात सोपा उपाय.

रूट कॅनलमध्ये जे दुखतं ते बहुतेक वेळा आधीच सुरू झालेलं असतं. उपचार ते थांबवायला केलेला असतो. नंतर दोन-चार दिवस चावताना ठसठस राहू शकते, कारण मुळाच्या टोकाभोवतीचा भाग अजून हुळहुळा असतो. साध्या वेदनाशामक गोळीने ती निभते. ठसठस कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेली किंवा सूज आली, तर मात्र फोन करा, वाट पाहू नका.

प्रत्यक्षात करतात काय? दाढेला वरून बारीक छिद्र पाडून पोकळी उघडतात. एका मशीनने नळीची लांबी मोजतात, छोटा एक्स-रे काढतात. या एक्स-रेचीही उगाच धास्ती घेतली जाते. डिजिटल सेन्सरवर, ज्याला दवाखान्यात आरव्हीजी म्हणतात, त्यावर एका दाताचा एक्स-रे काढताना मिळणारे किरण अत्यल्प असतात. जमिनीतून आणि आकाशातून आपल्याला रोज नकळत जेवढे मिळतात, साधारण तेवढेच. मग केसासारख्या बारीक फाईलने, म्हणजे छोट्याशा कानशीने, नळीच्या भिंती तासून साफ करतात आणि सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात. माझ्या मते सगळ्या उपचाराचा जीव या धुण्यात आहे. नळीला आडवे फाटे असतात, कोपरे असतात, तिथे फाईल पोचत नाही, पाणी पोचतं. हे पाणी घशात जाऊ नये आणि थुंकी दाढेत शिरू नये म्हणून दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, त्याला रबर डॅम म्हणतात. तो १८६४ पासून वापरात आहे. तुमच्या डॉक्टरने तो लावला तर तोंड झाकलं म्हणून कुरकुर करू नका, काम नीट चाललं आहे.

स्वच्छ झालेली नळी शेवटी गट्टा पर्चाने भरतात. हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक, रबराचा चुलतभाऊ म्हणा. ओलाव्याने तो कुजत नाही आणि शरीराला सहसा खुपत नाही. याच गुणामुळे एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबल त्याने मढवत. १८७० साली सुएझहून समुद्रतळावरून मुंबईला जी तार आली, तिच्यावर याच चिकाचं आवरण होतं. लोक विचारतात, "आत मसाला काय भरला, विरघळणार तं नाही?" तेव्हा मी ही गोष्ट सांगते.

हे सगळं एका बैठकीत होऊ शकतं किंवा दोन-तीनही लागू शकतात. जास्त चकरा म्हणजे डॉक्टर पैसे काढतो असं नाही, आणि एकाच बैठकीत उरकलं म्हणजे काम कच्चं असंही नाही. पू वाहत असेल तर मध्ये औषध ठेवून थांबावं लागतं.

नस काढली म्हणजे दात मेला, मग तो गळूनच पडणार, असं म्हणणाऱ्यांना मी एक प्रयोग सांगते. रूट कॅनल झालेल्या दाढेवर शेंगदाणा ठेवून चावा. चावल्याचं कळतं ना? दात हाडाला पकडून असतो तो बाहेरच्या तंतूंनी, मुळाभोवतीच्या जिवंत पडद्याने. त्याला रूट कॅनलमध्ये हात लागत नाही. आतला गर लागतो तो मुख्यतः दात घडत असताना. पूर्ण वाढलेला दात त्याच्यावाचून पन्नास वर्षं काम करू शकतो. गार-गरम मात्र कळत नाही.

वरच्या दाढेला हात लावला की डोळे अधू होतात, हा समज आपल्याकडे शिकलेल्या घरांतही पक्का आहे. त्याचं कारणही मला दिसतं. चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या मोठ्या नसेला तीन फांद्या असतात: एक कपाळ-डोळ्याकडची, एक वरच्या जबड्याची, एक खालच्या जबड्याची. तिन्ही एकाच खोडातून फुटतात, म्हणून वरची दाढ ठणकली की कळ डोळ्यापर्यंत, कानशिलापर्यंत जाते. पण पाहण्याचं काम या नसेचं नाहीच. त्यासाठी वेगळी नस आहे, ती डोळ्याच्या मागून थेट मेंदूत जाते आणि दातांशी तिचा संबंध नाही. चाळिशी-पन्नाशीत दाढाही जातात आणि चष्माही लागतो. दोन गोष्टी एकाच वयात घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं ठरत नाही.

यानंतरचा भाग मला सगळ्यात जास्त छळतो. पहिल्या बैठकीत गर काढला की ठणका संपतो. पेशंट हसत जातो आणि परत येतच नाही. फोन केला तर म्हणतो, "आराम पडला मॅडम, पुढच्या महिन्यात पाहतो." आत नळ्या अर्धवट साफ, वर तात्पुरतं सिमेंट, जे काही आठवड्यांत झिजतं, आणि मग थुंकीतले जंतू मोकळ्या वाटेने आत. वर्षभराने ही माणसं परत येतात तेव्हा दाढ वाचवण्यासारखी असेलच असं नसतं. शेवटी बोल रूट कॅनललाच लागतो: "केलं होतं, टिकलं नाही."

कॅपचं, म्हणजे दाढेवर बसवायच्या टोपणाचंही तसंच. रूट कॅनल झालं, दुखत नाही, मग कॅपचा खर्च कशाला? दाढेत आधीच कीड लागून मोठा खड्डा पडलेला असतो, त्यात आम्ही वरून वाट पाडलेली असते. मधलं लाकूड काढून घेतलेल्या पेटीसारख्या तिच्या भिंती उभ्या असतात आणि जेवताना त्यांच्यावर जोर पडतो. सुपारी, चण्याचा दाणा, मटणातलं हाड, यातलं काहीही निमित्त होतं आणि दाढ उभी चिरते. चीर मुळात उतरली की कुणाच्याच हातात काही राहत नाही. अमेरिकेतल्या एका विमा योजनेच्या नोंदींवरून १४ लाखांहून अधिक रूट कॅनल झालेल्या दातांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. आठ वर्षांनंतर त्यातले ९७ टक्के दात तोंडात शाबूत होते. जे काढावे लागले, त्यांतल्या ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. पुढच्या दातांना चावण्याचा असा जोर नसतो, तिथे दात फारसा पोखरलेला नसेल तर नुसतं फिलिंगही चालतं. मागच्या दाढांना कॅप हवी, ती धातूची, सिरॅमिकची की झिरकोनियाची हे खिशाप्रमाणे ठरवा.

खिशाची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम खाजगीपेक्षा पुष्कळ कमी खर्चात करतात. वेळ लागतो, रांग असते, चकरा होतात. तरी "परवडत नाही म्हणून उपटून टाकली" म्हणण्याआधी तिथे एकदा जाऊन या.

कारण उपटणं स्वस्त दिसतं ते त्या दिवसापुरतं. दाढ गेली की शेजारची त्या फटीत कलंडते, समोरची आधाराविना खाली किंवा वर सरकते, अन्न अडकायला लागतं, तिथलं हाड बसत जातं. दोन वर्षांनी ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) किंवा इम्प्लांट (हाडात रोवलेला कृत्रिम दात) करायला गेलात तर त्याचं बिल रूट कॅनल आणि कॅप मिळून होतं त्याच्या पुढेच जातं. काही दाढा मात्र काढाव्याच लागतात. मूळ उभं चिरलं असेल, हाडाचा आधारच संपून दाढ हलत असेल, वर कॅप बसवण्याइतकाही दात उरला नसेल, किंवा तिरपी अडकलेली अक्कलदाढ असेल, तर मी स्वतः काढा म्हणते.

विदर्भात दातांबद्दल लिहायचं आणि खर्‍याबद्दल बोलायचं नाही, हे मला जमणार नाही. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून. गाल सुन्न राहिल्यामुळे खाणाऱ्याला दाढेचं दुखणं कमी वाटतं, म्हणून दुखलं की आणखी एक पुडी. सुपारीने दाढा घासून घासून सपाट होतात. कधी कीड नसतानाही झीज थेट गरापर्यंत पोचते, कधी दाढेला चीर जाते. पण खरी अडचण पुढे असते. सुपारीमुळे गालाची आतली कातडी चिवट, पांढरट होते आणि तोंड उघडेनासं होतं. आपलं तोंड नीट उघडतं का हे बघायला आपलीच तीन बोटं उभी समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. एकच बोट जात असेल तर मागच्या दाढेपर्यंत मला पोचताच येत नाही. माझी सगळ्यात आखूड नेहमीची फाईल २१ मिलिमीटरची आहे, तिच्यावर माझं बोट, शिवाय ती सरळ आत गेली पाहिजे. पंचविशीतली पोरं अशी येतात. दाढ वाचवण्यासारखी असते, दाढेपर्यंतची वाट बंद झालेली असते. तोंड असं आवळणं ही कर्करोगाच्या आधीची पायरी ठरू शकते, म्हणून तिथे माझं पहिलं काम दाढेचं नसतं, तोंडाच्या तपासणीचं असतं. आणि ज्यांनी तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा आणखी कुठे जबड्याला रेडिएशन घेतलं आहे, त्यांनी दाढ परस्पर कुठेही उपटू नये. रेडिएशन झालेलं हाड नीट भरून येत नाही. अशा माणसासाठी रूट कॅनल हाच अनेकदा सुरक्षित रस्ता असतो.

लहान मुलांचं थोडक्यात. दुधाच्या दाढा पडणारच आहेत हे खरं, पण मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायची असते आणि तिच्याखाली पक्का दात वाढत असतो. तिच्यातली नस साफ करून ती राखली तर पक्क्या दाताची जागा राहते. सहाव्या वर्षी जी दाढ सगळ्यांत मागे, काहीही न पडता उगवते, ती पक्की असते. तिला दुधाची समजून दुर्लक्ष करणारे आईबाप मला दर आठवड्याला भेटतात.

गरोदरपणात रूट कॅनल चालतं. चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा, पण ठणका असेल तर महिना न बघता यावं. शुगर असणाऱ्यांनी तर दाढेतला पू ठेवूच नये, जंतुसंसर्गाने शुगर आटोक्यात राहत नाही. हृदयाची कृत्रिम झडप असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरला आधी सांगा, गोळी मनाने बंद करू नका.

राहिला तो मोबाईलवर फिरणारा मेसेज: रूट कॅनलमुळे कॅन्सर होतो, हृदय बिघडतं. ही कल्पना शंभर वर्षांची जुनी आहे. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियलला भाषण केलं आणि अंगातल्या अनेक रोगांचा ठपका घाणेरड्या दंतकामावर ठेवला. पुढे १९२० च्या दशकात वेस्टन प्राइस यांनी रूट कॅनल झालेले दात सशांच्या कातडीखाली घालून ससे आजारी पडतात असं दाखवलं. त्या काळात कुणाचे गुडघे दुखले तरी चांगले दात उपटले गेले. नंतरच्या संशोधकांनी तसे प्रयोग जपून केले तेव्हा निष्कर्ष टिकले नाहीत. जंतू दातातले होते की काढताना बाहेरून लागलेले, याचीच खात्री नव्हती. शिवाय दात काढूनही लोकांचे रोग बरे झाले नाहीत. रूट कॅनलने कॅन्सर होतो याला आजवर पुरावा मिळालेला नाही. अंगात पू ठेवणं मात्र धोक्याचं आहे, आणि रूट कॅनल तोच काढतं.

एका प्रकारची सूज आली तर मात्र कधीच थांबू नका. खालच्या दाढेची सूज जबड्याच्या खाली, गळ्याकडे उतरली, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, गिळता येईना, तोंड उघडेना, ताप चढला, तर ती रात्र घरी काढायची नाही. सरळ मेडिकलच्या किंवा मेयो रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं. हा पू श्वासाची वाट बंद करू शकतो.

उमरेड रोडच्या भाऊंची दाढ आम्ही तीन बैठकांत पूर्ण केली. दुसऱ्या बैठकीपर्यंत पुळी सुकली होती. कॅप घ्यायला ते आले, थोडी घासाघीस करून का होईना, पण आले. परवा दहा महिन्यांनी एक्स-रेसाठी बोलावलं होतं. पहिला आणि आताचा असे दोन्ही स्क्रीनवर शेजारी लावले. पहिल्यात मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढा काळा डाग, दुसऱ्यात तिथे हाडाची राखाडी जाळी बरीचशी भरून आलेली. ते बराच वेळ पाहत राहिले.

"हे भरून आलं तवा मले काहीच समजलं नाही," ते म्हणाले.

"झिजत होतं तेव्हाही नव्हतं समजलं," मी म्हटलं आणि पुढच्या एक्स-रेसाठी एका वर्षानंतरची तारीख त्यांच्या कार्डावर लिहून दिली.